आकाशातल्या तासांचा दाखला

गाव बदललं की शाळा बदलते. जुन्या शाळेतून दाखला घ्यायचा, नव्या शाळेत द्यायचा आणि वर्गात जाऊन बसायचं. आमच्या शाळेतही दरवर्षी अशी काही मुलं येतात. कुणी शेजारच्या तालुक्यातून येतं, कुणी थेट कर्नाटकातून. दाखल्यावर ‘इयत्ता तिसरी उत्तीर्ण’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तरी आम्ही शिक्षक मुलाला जवळ बोलावतो, दोन गणितं घालतो, एक उतारा वाचायला देतो. सात आठे छप्पन हे सगळीकडे छप्पनच! त्यामुळे गणिताची काळजी नसते. पण मराठीचा धडा मात्र त्या मुलाला नव्याने गिरवावा लागतो.

आता मला सांगा, विमान चालवायला शिकलेल्या माणसाचं काय होत असेल?

समजा, तुमची एक ताई अमेरिकेला गेली. तिथे विमान उडवायला शिकली. तिथला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना तिने मिळवला आणि ती घरी परतली. मग दुसऱ्याच दिवशी ती मुंबई-नागपूर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसू शकेल का?

नाही बसू शकणार! विमान तेच, आकाश तेच, ताईही तीच. तरीसुद्धा नाही. आधी तिच्या प्रत्येक तासाचा हिशेब होईल, काही परीक्षा होतील, आणि मगच तिला भारतीय परवाना मिळेल. हे असं का, आणि तो हिशेब करतात तरी कसा, याचीच ही गोष्ट.

शेपटीजवळची अक्षरं

विमानतळावर गेलात तर विमानाच्या मागच्या भागाकडे नीट बघा. तिथे काही इंग्रजी अक्षरं रंगवलेली दिसतील. आपल्या देशात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाची अक्षरं ‘व्हीटी’ने सुरू होतात. अमेरिकेच्या विमानावर ‘एन’ असतो, ब्रिटनच्या विमानावर ‘जी’. आपल्या मोटारीवर ‘एमएच’ असतं ना, तसंच हे. फक्त इथे राज्याऐवजी देश कळतो.

ही अक्षरं महत्त्वाची का? त्यासाठी आपल्याला १९४४ सालात जावं लागेल. दुसरं महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. पण युद्धानंतर विमानं देशोदेशी प्रवासी नेऊ लागणार, हे जाणत्या लोकांना दिसत होतं. म्हणून अमेरिकेतल्या शिकागो शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि ७ डिसेंबर १९४४ रोजी ५२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. भारत त्यात होता. या करारातूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्माला आली. तिचं कार्यालय कॅनडात माँट्रियलला आहे आणि आज १९३ देश तिचे सभासद आहेत.

या करारात वैमानिकांच्या परवान्याविषयी मोठी शहाणपणाची कलमं आहेत. एक कलम म्हणतं की, परदेशी जाणारं विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे हवा. म्हणजे ‘व्हीटी’च्या विमानाला भारताची मान्यता पाहिजे. दुसरं कलम म्हणतं, सगळ्यांनी ठरवलेली किमान पातळी पाळून एका देशाने परवाना दिला असेल, तर इतर देशांनी तो मानावा. म्हणूनच भारतीय परवाना असलेला वैमानिक ‘व्हीटी’चं विमान घेऊन लंडनला किंवा दुबईला उतरू शकतो. पण त्याच करारात एक राखीव हक्कही आहे. आपल्याच नागरिकाने दुसऱ्या देशाचा परवाना आणला, तर आपल्या हद्दीतल्या उड्डाणासाठी तो न मानण्याचा अधिकार प्रत्येक देशाने स्वतःकडे ठेवला आहे.

म्हणजे दाखला मानायचा, पण पोराला जवळ बोलावून दोन गणितं घालायचीच!

आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करतं. त्याला सगळे ‘डीजीसीए’ म्हणतात.

दोनशे तासांची शिदोरी

व्यावसायिक वैमानिक म्हणजे ज्याला विमान उडवण्याबद्दल पगार घेता येतो तो. त्यासाठी वय किमान १८ वर्षं पूर्ण हवं, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण हवी आणि किमान २०० तास विमान उडवलेलं हवं.

हे दोनशे तास कसेही भरून चालत नाहीत बरं का. त्यातही वाटण्या आहेत. निदान १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले हवेत. त्यातले २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे. त्यात एक मोठा प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, म्हणजे हा प्रवास झाला सुमारे ५५५ किलोमीटरचा. याखेरीज १० तास बाहेर न बघता फक्त उपकरणांवर नजर ठेवून उडायचं. त्यातले जास्तीत जास्त ५ तास जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, चालतात. आणि ५ तास रात्रीचे. रात्री दहा वेळा स्वतः उड्डाण करायचं आणि दहा वेळा उतरवायचं.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या नियमांतही तीनशे सागरी मैलांचा मोठा प्रवास आहे, रात्रीची दहा उड्डाणंही आहेत. कारण दोन्ही देशांनी पाया एकच घेतला आहे. म्हणूनच परदेशात उडवलेले तास आपल्याकडे धरता येतात. सात आठे छप्पन तिकडेही आणि इकडेही!

पण एक अट लक्षात ठेवा. हे दोनशे तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले हवेत. हाताला सवय राहिली नाही तर जुनं शिक्षण शिळं होतं. सायकल विसरत नाही म्हणतात, पण विमान म्हणजे सायकल नव्हे!

एक तास, दोन हिशेब

वैमानिकाकडे एक वही असते. तिला लॉगबुक म्हणतात. प्रत्येक उड्डाणानंतर त्यात तारीख, विमानाचा प्रकार, त्याची अक्षरं, कुठून कुठे, किती वेळ, दिवसा की रात्री, एकट्याने की शिक्षकाबरोबर, हे सगळं लिहायचं. तुमच्या गृहपाठाच्या वहीवर जशी बाईंची सही, तशी इथे शिकवणाऱ्याची सही लागते.

परदेशातून आलेल्या ताईची हीच वही तपासली जाते. आणि इथेच खरी मेख आहे.

समजा, ताईच्या अमेरिकी लॉगबुकात एकूण २१४ तास आहेत. ‘पायलट इन कमांड’च्या रकान्यात ११२ आणि ‘शिक्षकाबरोबर’च्या रकान्यात ११८. आता दोन्हींची बेरीज करा बघू. २३० आली ना? मग एकूण तास तर २१४ आहेत! हे जास्तीचे १६ तास आले कुठून?

ताईने लबाडी केलेली नाही. अमेरिकेत खाजगी वैमानिकाचा परवाना हातात आला की पुढच्या धड्यांत शेजारी शिक्षक बसलेला असला, तरी विमान स्वतः चालवणाऱ्याला तो वेळ ‘पायलट इन कमांड’ म्हणून लिहिता येतो. म्हणून ते १६ तास दोन्ही रकान्यांत गेले. तिकडच्या नियमाने ते अगदी बरोबर आहे. पण आपला नियम सांगतो की, शिक्षक शिकवत असेल तर तो वेळ शिकण्याचाच धरायचा. मग ११२ वजा १६, म्हणजे उरले ९६. शंभराला चार कमी!

एकूण तास दोनशेच्या वर असूनही ताई अडली. आता तिला आणखी चार तास स्वतःच्या जबाबदारीवर उडावं लागेल. चार तास ऐकायला थोडे वाटतात. पण परत आल्यावर एखाद्या संस्थेत नाव घाला, विमान मिळायची वाट बघा, पावसाळा असला तर आभाळ उघडायची वाट बघा, आणि पैसे भरा ते वेगळेच. हाच हिशेब परदेशात असतानाच केला असता तर ती तिथेच चार तास जास्त उडली असती.

इंचाची आणि हेक्टोपास्कलची गोष्ट

तास पुरे झाले तरी परीक्षा आहेतच. परदेशी परवाना घेऊन आलेल्याला आपल्या हवाई नियमांचा पेपर द्यावा लागतो, आणि दिशादर्शन व हवामान यांचा मिळून एक पेपर द्यावा लागतो. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. पस्तीस नव्हे!

एकदा तिकडे परीक्षा दिली, पुन्हा इकडे कशाला, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर.

विमान किती उंचीवर आहे हे सांगणारं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. आपण जसजसे वर जातो, तसतसा दाब कमी होतो, आणि त्यावरून यंत्र उंची दाखवतं. पण जमिनीवरचा दाबही रोज बदलतो. म्हणून विमानतळाजवळ आल्यावर तिथला त्या वेळचा दाब रेडिओवरून विचारून यंत्रात लावावा लागतो.

अमेरिकेत हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. सर्वसाधारण दाब तिकडच्या भाषेत २९.९२ इंच आणि आपल्या भाषेत १०१३ हेक्टोपास्कल. उन्हाळ्याच्या शेवटी उत्तर भारतात जमीन तापते आणि दाब एक हजाराच्याही खाली उतरतो. समजा, तो ९९२ झाला. नियंत्रकाने रेडिओवर सांगितलं, ‘नाइन नाइन टू’. थकलेल्या वैमानिकाच्या कानात तिकडची सवय बसलेली असेल, तर तो ते ‘२९.९२ इंच’ असं ऐकेल आणि तसंच लावेल. म्हणजे ९९२च्या जागी लागले १०१३. फरक २१ हेक्टोपास्कलचा. जमिनीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरतात. एकवीस गुणिले सत्तावीस किती? ५६७ फूट! यंत्र सांगेल, ‘आपण हजार फुटांवर आहोत.’ आणि विमान असेल सव्वाचारशे-साडेचारशे फुटांवर. बाहेर धुकं असेल तर?

बघा, केवढासा आकडा, पण शे-दीडशे माणसांचा जीव त्यावर टांगलेला.

असे बारीक बारीक फरक पुष्कळ आहेत. किती लांबचं दिसतंय हे अमेरिकेत मैलांत सांगतात, आपल्याकडे मीटरमध्ये. रेडिओवर आकडे सांगताना दशांश चिन्हाला तिकडे ‘पॉइंट’ म्हणतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘डेसिमल’. हवामानाचं तर विचारूच नका. ॲरिझोनाच्या वाळवंटी आकाशात शिकलेल्या ताईला आपला मोसमी पाऊस, बंगालकडची काळबैसाखी वादळं आणि दिल्लीचं हिवाळी धुकं यांचा अभ्यास करायलाच हवा. हाच तो ‘मराठीचा धडा’, दुसरं काय!

रेडिओवर बोलण्याचीही वेगळी परीक्षा असते. पूर्वी तो परवाना दूरसंचार खात्याकडून मिळायचा. ‘भारतीय वायुयान अधिनियम २०२४’ हा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ते काम डीजीसीएकडे आलं.

आणि प्रत्यक्ष विमान चालवून दाखवणं? तेही आहे. परीक्षक शेजारी बसून दिवसाचं आणि रात्रीचं उड्डाण तपासतात. दिवसा किमान २५० सागरी मैलांची आणि रात्री किमान १२० सागरी मैलांची चाचणी असते.

मग परदेशात जायचं तरी कशाला?

आपल्याकडे शिकण्याची सोय नाही असं मुळीच नाही. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्यावर क्रमांकच मुळी एक होता! आज आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, शिरपूरला उड्डाणाचं शिक्षण मिळतं. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे.

पण शिकणारे पुष्कळ आणि शिकवणारे व विमानं कमी, असं अनेकदा होतं. त्यात पावसाळ्यात ढग, हिवाळ्यात धुकं. उडायचे दिवस वाया जातात. अमेरिकेच्या ॲरिझोना, फ्लोरिडा, टेक्सास या राज्यांत, दक्षिण आफ्रिकेत, न्यूझीलंडला विमानं भरपूर आहेत आणि बराच काळ आकाशही मोकळं असतं. म्हणून बरीच मुलं-मुली तिकडे जातात. काही जण इथे लेखी परीक्षा देऊन तिकडे फक्त उडायला जातात, काही जण तिकडचा पूर्ण परवाना घेऊन येतात. दोन्ही वाटा खऱ्याच. फक्त कुठली वाट धरायची ते निघण्याआधी ठरवावं लागतं.

पेनाने उडवलेलं विमान

आता जरा गंभीर गोष्ट. वही म्हटली की खोटं लिहिण्याचा मोह आला. विमान जमिनीवर उभं आणि वहीत मात्र दोन तास उड्डाण! पेट्रोल वाचलं, पैसे वाचले, रकाना भरला.

२०११ साली आपल्या देशात अशी प्रकरणं उघडकीला आली. काहींनी परीक्षेच्या खोट्या गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवले होते, काहींच्या उड्डाणाच्या नोंदीच खोट्या होत्या. काही वैमानिकांना अटक झाली आणि हजारो परवान्यांची तपासणी करावी लागली. २०२० साली शेजारच्या पाकिस्तानात त्यांच्याच मंत्र्यांनी दोनशेहून अधिक वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचं संसदेत सांगितलं. परिणाम काय झाला? युरोपने त्यांच्या सरकारी विमान कंपनीला दारं बंद केली, ती उघडली थेट २०२४च्या अखेरीस. ज्या वैमानिकांनी घाम गाळून, प्रामाणिकपणे परवाना मिळवला होता, त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले.

म्हणून डीजीसीए नुसता कागद बघून मान डोलावत नाही. परवाना खरा आहे का, हे ज्या देशाने तो दिला त्या देशाच्या खात्याला विचारलं जातं. शिकवणारी संस्था तिथल्या सरकारने मान्य केलेली आहे का, तेही पाहिलं जातं. अगदी दहावी-बारावीची गुणपत्रिकाही मंडळाकडून पडताळून घेतात. वेळ जातो, कंटाळा येतो. पण खोटा तास वहीत मावतो, वादळात मात्र उपयोगी पडत नाही.

आई-बाबांसाठी चार शब्द

पालकहो, या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. त्यासाठी कुणी जमीन विकतं, कुणी घर तारण ठेवतं. म्हणून चार गोष्टींची खात्री आधी करून घ्या.

पहिली, वैद्यकीय तपासणी. भारतीय परवान्याला आपल्याकडची पहिल्या श्रेणीची तपासणी लागतेच. परदेशातली चालत नाही. ती पैसे भरण्याआधी करून घ्यावी. मुलाला चष्मा आहे म्हणून लगेच निराश होऊ नका. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण येते, आणि ते विमानात बसल्यावर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

दुसरी, बारावीचे विषय. भौतिकशास्त्र आणि गणित हवेत असा नियम ठरलेला आहे. ही अट सैल करण्याचा विचार २०२५ साली सुरू झाला. पण वर पाहिलंच ना, पावलोपावली गुणाकार आहे! गणित सोडून कसं चालेल?

तिसरी, संस्थेची मान्यता. जाहिरातीवर किंवा दलालाच्या शब्दावर जाऊ नका. त्या देशाच्या विमान खात्याची मान्यता आहे का, ते लेखी बघा.

चौथी, भारताचे नियम. निघण्याआधी डीजीसीएची चालू नियमावली मुलाच्या हाती द्या आणि दर महिन्याला लॉगबुकचा हिशेब तिच्याशी ताडून बघायला सांगा. नियम बदलत असतात, म्हणून ते थेट तिथूनच वाचावेत. हेही ध्यानात ठेवा की, परवाना मिळाला म्हणजे मोठं विमान लगेच मिळालं असं नाही. प्रत्येक मोठ्या प्रकारच्या विमानासाठी वेगळं शिक्षण आणि वेगळी नोंद लागते.

चला, आपलीही वही करू या

बालमित्रांनो, वैमानिक व्हायला अजून वेळ आहे. पण लॉगबुक आजच सुरू करता येईल. एक शंभर पानी वही घ्या. पोहणं, सायकल, तबला, वाचन, जे काही शिकत असाल त्याच्या नोंदी करा. तारीख, किती वेळ, शिक्षकाबरोबर की एकट्याने, काय जमलं, काय चुकलं. रोज फक्त एक ओळ. केलं नाही त्या दिवशी कोरी ओळ सोडा, खोटी ओळ लिहू नका. महिन्याच्या शेवटी बेरीज मारा आणि दोन्ही रकाने जुळतात का बघा.

आणि हे एक गणित सोडवा. एक छोटं विमान ताशी १०० सागरी मैल वेगाने जातं. त्याला ३०० सागरी मैलांचा प्रवास करायचा आहे. वाटेत दोन ठिकाणी उतरून प्रत्येकी ४० मिनिटं थांबायचं आहे. सकाळी ७ वाजता निघालं तर शेवटच्या मुक्कामी किती वाजता पोहोचेल? आणि लॉगबुकात उड्डाणाचे तास किती लिहायचे?

उत्तर : पोहोचेल ११ वाजून २० मिनिटांनी. पण लॉगबुकात लिहायचे फक्त ३ तास. थांबून चहा प्यायलेली मिनिटं उड्डाणात धरत नाहीत!